साळवीकाकांची पंचवीस डिग्री

साळवीकाकांच्या घरातला थर्मोस्टॅट मी दुरुस्त केला. तो बिघडलेला नव्हता.

हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी कितीही हुशारी मिरवली, तरी वाचणाऱ्याने फसायचं कारण नाही.

आता घरात थर्मोस्टॅट कशाला, असं कुणीही विचारेल. शांती नगरमधल्या त्यांच्या वन रूम किचनमध्ये एसी नव्हता. अख्ख्या बिल्डिंगमध्ये नव्हता. नव्वद सालच्या आसपास मीरा रोडला प्यायचं पाणी टँकरने यायचं, तिथे एसीची चैन कोण करतो? पण काकांच्या घरात, जिथे चार लोक देवाचं कॅलेंडर टांगतात, त्या भिंतीवर जमिनीपासून बरोबर पाच फुटांवर एक पांढरी डबी बसवलेली होती. डबीवर काटा, काट्याखाली आकडे. घरात आलेल्या माणसाला पाण्याच्या आधी सूचना मिळायची, "डबीसमोर बसू नका. अंगाची गरमी लागते तिला."

आमची कंपनी मोठ्या इमारतींना सेंट्रल एसी बसवून द्यायची. पाइप, पंप, डक्ट सगळं जागच्या जागी लागलं की शेवटी साळवीकाका यायचे. एका हातात बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हातात मरून रंगाच्या लोकरीच्या विणलेल्या पिशवीतला थर्मामीटर. थर्मोस्टॅट भिंतीवर बसवायचा आणि त्याचा काटा खोलीच्या खऱ्या तपमानाला जुळवायचा, एवढंच त्यांचं काम. पण ते चाललं असताना त्या खोलीत श्वास घ्यायची चोरी.

"श्वास!" ते ओरडायचे. म्हणजे सोडू नका. डबीचं झाकण काढून त्यांनी स्क्रू अर्ध्या केसाएवढा फिरवला की आम्ही सगळे नाकपुड्या धरून बाहेर. मग वीस मिनिटं दार बंद. आपल्या हाताची, तोंडाची ऊब निघून गेल्याशिवाय काटा खरं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा एका फॅक्टरीचे मॅनेजर कौतुकाने डबीला नाक लावून बघायला लागले. काका म्हणाले, "साहेब, साँस मत लो."

"क्या?"

"मतलब इधर मत लो. उधर खिडकी के पास जाके लो."

साहेब निमूट खिडकीपाशी जाऊन श्वास घेऊन आले.

मी त्यांचा हाताखालचा माणूस. नवघरला राहायचो, नवा नवा डिप्लोमा केला होता आणि दर तिसऱ्या वाक्यात तो सांगायचो. त्यामुळे काकांनी माझं नावच डिप्लोमा ठेवलं. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "डिप्लोमा, थर्मोस्टॅट दोन जातीचे. एक ऑन-ऑफ. उकडलं की पूर्ण चालू, गार झालं की पूर्ण बंद. मधलं काही त्याला माहीतच नाही. दुसरा आपला, प्रपोर्शनल. हा जेवढ्यास तेवढं देतो. खोली थोडी तापली, की थंड पाण्याचा व्हॉल्व्ह थोडाच उघडणार. आई पोराला भरवते बघ, पोराचं तोंड उघडेल तेवढाच घास. कळलं?"

"हो, डिप्लोमाला होतं आम्हाला."

"मग राहिलं."

माणसांच्याही त्यांनी ह्याच दोन जाती केल्या होत्या. रागावला की भांडी फेकणारा आणि मग आठ दिवस न बोलणारा शेजारी ऑन-ऑफ. भाडं ठरवताना एकदम रिक्षाच पुढे काढणारा रिक्षावाला ऑन-ऑफ. आणि मी तर कायमचाच.

ह्याला कारण होतं. काशीमिऱ्याकडे औषधाच्या कॅप्सुलांची एक फॅक्टरी होती. कॅप्सुला तपासायच्या खोलीतला थर्मोस्टॅट काकांनी विश्वासाने मला बसवायला दिला. मी उंची मोजली, ऊन येत नाही हे पाहिलं, पाणसळ लावून डबी सरळ बसवली. दोन दिवसांनी तक्रार आली. रोज अकरा वाजता आणि चार वाजता खोलीचा बर्फ होतो. कॅप्सुला तपासणाऱ्या बायका जवळपासच्या गावातल्या. त्यातली एक शालीतून तोंड काढून म्हणाली, "दादा, बोटं हालत न्हाय माजी. हितं माणसां ठेवायची हायेत का मासळी?"

मी वायरिंग तपासलं, मोटर तपासली, व्हॉल्व्ह खोलून बघितला. शेवटी काका आले. त्यांनी काहीच खोललं नाही. डबीशेजारच्या भिंतीला गाल लावला आणि डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "भिंतीला ताप आलाय."

भिंतीपलीकडे कँटीन होतं. बरोबर माझ्या डबीच्या पाठीला चहाची शेगडी. अकराचा आणि चारचा चहा उकळायला लागला की भिंत तापायची, डबीला वाटायचं खोलीच पेटली, आणि ती बिचारी जीव तोडून थंडी पुरवायची.

"डिप्लोमाला भिंतीची एकच बाजू शिकवतात काय रे?" काकांनी विचारलं.

डबी हलवली, जुन्या भोकातून वारा येऊ नये म्हणून काकांनी आपल्या डब्यातल्या चपातीचा लगदा करून तिथे कोंबला आणि काम मिटलं. पण त्या दिवसापासून मला स्क्रूला हात लावायची बंदी झाली. मी फक्त शिडी धरायची. काकांचा तो बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर आपल्या हातात कधी येतो, एवढी एकच इच्छा मला उरली होती.

आता घरच्या डबीकडे येतो.

काकूंना तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. डावा हात आणि पाय मागे राहिला, जीभ मात्र एक पाऊलही मागे राहिली नाही. दुपारभर त्या खाटेवर एकट्या असायच्या. समोरच्या जयाबेन जेवण वाढून जायच्या. पण पंख्याचं बटण कमीजास्त करायला रोज कुणाला हाक मारायची? काकू मारायच्याच नाहीत. म्हणून काकांनी कंपनीतल्या साहेबांना विचारून भंगारात निघालेली एक मोटर आणि ही डबी घरी आणली. मोटरचा दांडा पंख्याच्या गोल बटणाला जोडला. खोली तापली की कुर्रर्र करून बटण थोडं फिरायचं, पंखा थोडा वाढायचा. गार झालं की पुन्हा कुर्रर्र. जेवढ्यास तेवढं.

किती डिग्रीवर लावायचं, हे काकूंनी ठरवलं होतं. "पंचवीस. यांना उकाडा सोसत नाही. दिवसभर गारव्यात असतात ना!"

"आणि तुम्हाला, काकू?"

"मला बरं आहे."

काकूंना काहीही विचारा, उत्तर हेच. जेवलात का, बरं आहे. हात दुखतो का, बरं आहे.

पण एक गोष्ट मला खटकायची. काकांच्या घरी कधीही जा, पंखा आपला बैलगाडीच्या चाकासारखा फिरत असायचा. सगळ्या मुंबईला गारवा पुरवणारा हा माणूस घरात बनियनवर बसून घामाने निथळत वर्तमानपत्राने वारा घ्यायचा. मला वाटलं, काकांची डबी चुकतेय आणि काकांना पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तसा हा पंख्याखाली घाम.

त्या जानेवारीत दमणच्या साइटवर काकांना एक रात्र राहायला लागलं. मला म्हणाले, "शनिवारी दुपारी घरी एक चक्कर मार. काही करू नकोस. नुसतं बघून ये."

मी गेलो. कंपनीतला थर्मामीटर बरोबर घेऊनच गेलो. मिनिटं मोजून वाचला. खोलीत अठ्ठावीस, डबीचा काटा पंचवीसवर. तीन डिग्रीचा फरक! साळवीकाकांच्या घरात!

"काकू, काटा चुकलाय तुमचा. करतो बरोबर."

"त्यांना विचारलंस का?"

"सरप्राइज आहे."

"बघ बाबा," काकू म्हणाल्या.

झाकण काढलं. स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा थेंब होता. साइटवर काका असा थेंब टाकतात तेव्हा त्याचा अर्थ 'जुळवून झालंय, हात लावू नये' असा असतो. मला तो अर्थ पाठ होता. मी तो थेंब नखाने खरवडून काढला. श्वास धरून स्क्रू फिरवला, बाहेर जाऊन वीस मिनिटं जिन्यात उभा राहिलो, आत येऊन पाहिलं. काटा अठ्ठावीसवर! कुर्रर्र झालं आणि पंखा असा फिरायला लागला, की कोपऱ्यातलं वर्तमानपत्र उडून काकूंच्या मांडीवर आलं.

"कसं वाटतंय, काकू?"

"बरं आहे."

रविवारी दुपारी शाबासकी घ्यायला गेलो. जाताना जिलेबी नेली.

काकू खाटेवर दोन गोधड्यांत होत्या. डाव्या हाताला माकडटोपी घातलेली. तो हात गारठला की लाकूड होतो, हे मला तेव्हा कळलं. जयाबेन नाकाला बाम चोळत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आवो, आवो! कालथी पंखो विमान जेवो फिरते. मी बंद करते बोलली, तर भाभी बोलते राहू दे, यांनी यायच्या आधी खोली थंड पाहिजे."

साळवीकाका नुकतेच आले होते. डबीचं झाकण काढून आत बघत होते. लाल थेंब नव्हता.

"कोणी हात लावला?"

मी जिलेबी पुढे केली.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आधी पंखा बंद केला, मग खिशातला तो बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला. इतके दिवस ज्याची वाट बघितली, तो असा हातात आला.

"कर होतं तसं."

"पण काका, ते चुकीचं होतं."

"वही घे. तांदळाच्या डब्यामागे आहे. त्यात आकडा आहे. मनातल्या मनात वाच."

पण मला सवय मोठ्याने वाचायची. पहिलंच पान उघडलं आणि सुरू झालो.

"दुपारी दोन दहा. अठ्ठावीस. पंखा मध्यम. पदर डोक्यावरून घेतला. अडीच. डावा हात उशीखाली सरकवला. विचारलं, गार लागतंय का. 'बरं आहे' म्हणाली. कंसात, खोटं."

"काय आहे ते?" काकूंनी विचारलं.

"साइटची वही," काका म्हणाले.

मी तोवर पान उलटलं होतं. "सुट्टीचा तिसरा दिवस. पंखा एकदम हळू. पदर खांद्यावर. हात बाहेर. झोप लागली. घोरली. हेच बरोबर. आकडा उघड बदलला तर ऐकणार नाही, माझ्यासाठी पुन्हा पंचवीसच करायला लावेल. म्हणून आकडा पंचवीस, काटा तीनने मागे. डबीला खोली गारच वाटेल."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. जयाबेन बामची बाटली हातात धरून तशाच उभ्या. काका खिडकीबाहेर बघत होते. घरात पंखा बंद, आणि त्यांच्या कानामागून घामाची धार उतरत होती.

काकूंनी माकडटोपीतला हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. त्या बराच वेळ काकांच्या पाठीकडे, ओल्या बनियनकडे बघत राहिल्या.

"तीन वर्षं?"

"पहिले काही महिने हिशेब जमत नव्हता," काका खिडकीलाच म्हणाले.

"आणि तुम्हाला उकडत नाही?"

काका वळले. कपाळ पुसलं आणि म्हणाले, "मला बरं आहे."

"लिही रे, कंसात खोटं," काकू मला म्हणाल्या.

हातात वही होती, कानाला पेन्सिल होती. मी घड्याळात बघितलं, तीन वीस. खाली बसलो आणि व्यवस्थित लिहायला घेतलं. पण वरच्या सगळ्या नोंदींत तपमान होतं, इथे नव्हतं. काम अर्धवट टाकायचं नाही असं काकांनीच शिकवलेलं. मी मान वर करून विचारलं, "काकू, ह्या खोट्यापुढे डिग्री किती टाकू?"

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जिलेबीच्या पुड्याकडे, आणि मग काकांना म्हणाल्या, "अहो, तुम्ही याला ऑन-ऑफ म्हणता ना? मला तर हा अजून ऑनच झालेला दिसत नाही."