टणक चिकू आणि आवाजी मतदान

रविवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. विद्यार्थी अर्थशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव पुकारलं गेलं आणि तीनशे माणसांच्या मंडपातून एकही आवाज आला नाही.

मंडप घोलवडला, आमच्याच वाडीत. साल एकोणीसशे एकसष्ट, नाताळची सुट्टी. त्या तीनशेतली निदान दोनशे माणसं माझी होती. हे अंदाजानं सांगत नाही. एम.ए.चा अभ्यास करता करता मी मुंबईच्या एका दैनिकाला डहाणू-तलासरीच्या बातम्या पाठवतो. अंदाज करायची मला परवानगी नाही.

ही परिषद माझी. चार वर्षांपूर्वी आमच्या ओट्यावर सात कॉलेजकुमार जमवून मी ती सुरू केली. त्या सातांत अमृत चुरी होता, आमच्या शेजारच्या वाडीतला. तो ऐकायला आला आणि तिथंच चूक झाली. दुसऱ्या वर्षी मी नवी कल्पना आणली, अमृतनं शाळेतून बाकं आणली. माणसं कल्पनेवर बसत नाहीत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. तिसऱ्या वर्षी त्यानं मुंबईहून प्राध्यापक आणले, चौथ्या वर्षी लाउडस्पीकर. यंदा पुणे, सोलापूर, थेट नागपूर. जो उतरे तो स्टेशनवर विचारी, "अमृतभाई कुठे आहेत?" भाई! सख्ख्या बहिणीनं त्याला कधी भाई म्हटलेलं नाही.

अध्यक्षपद मात्र मी त्याला मिळू देणार नव्हतो. माझी तयारी पक्की होती. एक, मतदान आवाजी. तो नियम यंदाच मी घटनेत घातला होता, कारण नागपूरची मंडळी पत्रं लिहून लिहून मी माझ्या बाजूची केली होती आणि त्यांचा आवाज उंबरगावपर्यंत जातो. दोन, चिकू.

अमृत काय देणार? पुरी-भाजी. ती तर कुठंही मिळते. मी प्रत्येक पाहुण्याला आमच्या वाडीतल्या निवडक चिकूंची पिशवी देणार होतो. गोदूआत्यानं तीनशे पिशव्या शिवल्या. मी स्वतः फळन्‌फळ बघून भरलं. मोठं, गोल, धुतलेलं आणि टणक. पाहुण्याला टणकच द्यायचं, ही आमच्याकडची रीत. घरी नेऊन त्यानं ते पाच-सहा दिवस गवतात नाहीतर तांदळात ठेवायचं. पिकलेलं दिलं तर गाडीतच लगदा होतो.

दीड वाजता पिशव्या वाटल्या. टाळ्या पडल्या. अमृतसुद्धा म्हणाला, "हरेश्वर, हे मला सुचलं नसतं."

"सगळंच तुला सुचायला हवं असं नाही," मी म्हणालो. गेल्या चार वर्षांतला माझा सगळ्यात सुखाचा क्षण तो.

त्यात आणखी साखर पडली. अमृतचा पुरी-भाजीचा ट्रक डहाणूहून येताना वाटेत पंक्चर झाला. लोक भुकेले, अमृत घामाघूम. मी त्याला धीर दिला, आणि तो देताना चेहरा गंभीर ठेवायला मला फार कष्ट पडले.

मग मी स्टेशनवर गेलो. दैनिकाचं पाकीट चारच्या गाडीनं गार्डाच्या हाती जायचं असतं, स्टेशनमास्तरला आधी सांगून ठेवायला लागतं. बातमी मी सकाळीच लिहून ठेवली होती. रोजच्या वेळापत्रकात काम करणाऱ्याला ही सवय लावूनच घ्यावी लागते. 'परिषदेचे खरे शिल्पकार, तरुण, तडफदार व निगर्वी कार्यकर्ते श्री. हरेश्वर सावे यांची अध्यक्षपदी निवड.' निगर्वी हा शब्द मी शेवटी घातला होता.

तीनला परत आलो. मंडप शांत. मला वाटलं, शिस्त. मतदान घेणाऱ्या मुंबईच्या प्राध्यापकसाहेबांनी लाउडस्पीकरवरून विचारलं, "श्री. सावे यांच्या बाजूचे 'होय' म्हणा."

पुढचं सुरुवातीलाच सांगितलं आहे.

मी नागपूरकरांकडे पाहिलं. त्यांचा पुढारी पहिल्या रांगेत होता. त्याचे ओठ डिंकानं चिकटवल्यासारखे मिटलेले, डोळ्यांत पाणी, मांडीवर माझी पिशवी. पिशवीत देठ आणि बिया.

गोदूआत्या मंडपाच्या कडेला उभी होती. मी धावलो.

"आत्या, हे काय झालं?"

"काय व्हायचंय? भूक लागली, खाल्ले. सालीसकट. एकानं चार. चिकानं तोंडं चिकटली." ती शांतपणे म्हणाली. "तू सांगितलं होतंस ना त्यांना, ठेवून खा म्हणून?"

"हे काय सांगायचं असतं?"

"घोलवडात नाही सांगायचं. नागपूरला सांगायला लागतं, हरू."

"मग तू का नाही थांबवलंस?"

"मला वाटलं, शिकलेली माणसं आहेत, काही प्रयोग चाललाय."

इकडे प्राध्यापक पुढे सरकले. "श्री. चुरी यांच्या बाजूचे?"

मागून दणदणीत "होय" आला. ती घोलवड, बोर्डी, तलासरीची पोरं. जेमतेम तीस. त्यांच्या पिशव्या बाकाखाली जशाच्या तशा होत्या. त्यांत माझा सख्खा चुलतभाऊ होता आणि सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता.

मी व्यासपीठाकडे पळालो, तेवढ्यात नागपूरकरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पाणीवाल्याला बोलवत होते बिचारे. सोलापूरकरांनी साथ दिली. बघता बघता दोनशे माणसं टाळ्या पिटायला लागली.

"वा!" प्राध्यापक गहिवरले. "म्हणजे सर्वांचीच संमती. निवड एकमतानं."

"सर, ते पाणी मागताहेत," मी ओरडलो.

"पाण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. उद्याच्या सत्रात घेऊ."

अमृतनं आभाराच्या भाषणात माझा उल्लेख केला. मी मोठ्या मनानं बाजूला झालो म्हणाला. त्याला तसं खरंच वाटत होतं. हेच त्याचं वाईट आहे.

चारला दहा कमी होते. गाडीची शिट्टी दूरवर ऐकू आली. नवी बातमी लिहायला वेळ नव्हता आणि न पाठवणं माझ्या रक्तात नाही. धावता धावता मी माझं नाव खोडलं, वर अमृतचं लिहिलं आणि पाकीट गार्डाच्या हातात कोंबलं.

मंगळवारी छापून आलं. परिषदेचे खरे शिल्पकार, तरुण, तडफदार व निगर्वी कार्यकर्ते श्री. अमृत चुरी यांची अध्यक्षपदी निवड. एक शब्द कापला नव्हता. माझ्या बातमीतला एकही शब्द न कापण्याची त्या दैनिकाची ही पहिलीच वेळ.

संध्याकाळी अमृत अंक घेऊन ओट्यावर आला.

"हरेश्वर, माझ्याबद्दल तुला इतकं वाटतं, हे मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं," मी म्हणालो.

"पुढच्या वर्षी पाचशे येतील. चिकूंचं काम तूच बघ. फक्त पिशवीवर एक चिठ्ठी लावू."

"कसली चिठ्ठी?"

"पाच दिवसांनी खा, एवढीच. आणि हो, मतदान आपण हात वर करून घेऊ."

हेही त्यालाच सुचलं.

आज शुक्रवार. मी त्याला होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. गोदूआत्यानं मात्र पाचशे पिशव्यांचं कापड आणून ठेवलंय आणि येता-जाता विचारते, कात्री लावू का.