जमनामावशीचा नकाशा

साहेबांनी नागोरावाला रोखठोक सांगितलं, "इंग्रजांच्या वेळचा या किनाऱ्याचा नकाशा आणून दे, परभणीच्या बदलीवर लगेच सही करतो." तारापूरला वीजकेंद्र उभं राहायचं होतं आणि खाडी पूर्वी कुठून वाहत होती ते साहेबांना हवं होतं. डेहराडूनच्या सरकारी नकाशा कचेरीकडे मागणी करून वर्ष उलटलं, तिकडून हूं नाही की चूं नाही.

नागोराव झटून कामाला लागला तो परभणीसाठी. बायको उषा तिकडे आणि हा बोईसरला भाड्याच्या खोलीत. बोलायला चार भिंती, त्याही घरमालकाच्या. सुट्टीच्या दिवशी तर त्याला भयंकर एकटं वाटे.

विचारत विचारत तो तारापूरच्या कोळीवाड्यात जमनामावशीच्या दारात पोचला. तिचा नवरा इंग्रज मोजणीवाल्यांचं सामान वाहायचा, त्याला त्यांनी जाताना जुना नकाशा दिला होता. नकाशा होता! कागद कापडावर डकवलेला. ओढे, विहिरी, खाडी, सगळं जागच्या जागी. फक्त तो सुक्या बोंबलांच्या टोपलीवर झाकण म्हणून घातलेला होता.

नागोरावानं नाकाला रुमाल लावला. "मावशी, हे द्या, उपकार होतील. पण वास लई येतो हो. आमचे साहेब शाकाहारी आहेत."

मावशी ओशाळली. "मंग असा कसा देऊ, पोरा? आयतवारी ये. वास काडून ठेवते."

त्याला ते पटलं. इथंच त्यानं माती खाल्ली.

आठवडाभर स्वारी हवेत होती. साहेबांना बातमी दिली, उषाला 'येतो' म्हणून तार ठोकली, खोली सोडली. तिथं दुसरा भाडेकरू आलासुद्धा. रविवारी नागोराव ट्रंक घेऊनच मावशीकडे हजर झाला.

मावशी हसत बाहेर आली. हातात पांढरंशुभ्र कापड, कांजी घालून कडक केलेलं. "घे! वरचा कागद मेला लई चिकाट, खरवडून नखं गेली बघ. आता हुंग."

नागोराव ट्रंकेवर मटकन बसला. "मावशी, माझी बदली गेली. खोलीपण गेली."

कापडाचा आणि बदलीचा संबंध मावशीला कळला नाही, खोलीचं मात्र कळलं. "मंग हितं ऱ्हा. माजा पोरगा एकनाथ बोटीवर गेला तवापासून पडवीत कोन झोपत नाय. भात टाकलाय, हात धू."

परक्या मुलखात आल्यापासून त्याला असं कोणी म्हटलंच नव्हतं. नागोरावाला रडू कोसळलं.

"एवडंसं कापड पुरत नाय व्हय? रडू नको, तसलं आनखी एक हाय."

नागोराव ताडकन उठला. "कुठंय?"

"तुज्यासाटीच सकाली भिजत घातलंय," मावशी म्हणाली.

नागोराव हात धुवायला गेला.