सासूबाईंची सुटका

समोरच्या माणसाला काय हवंय हे मला न विचारता कळतं. ही बढाई नाही, अनुभव आहे. माझी मिहू अकरा महिन्यांची आहे आणि तिचं भुकेचं रडणं, झोपेचं रडणं आणि नुसतं मला छळायला काढलेलं रडणं मी स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्टीतून, वेगवेगळं ओळखते. त्यामुळे मनोरुग्णालयात मर्जीविरुद्ध ठेवलेल्या पेशंटसाठी फुकट वकील देणारं पॅनेल निघालंय असं कळल्यावर मी पहिल्याच दिवशी अर्ज भरला. बाळंतपणानंतर काळा कोट कपाटात कुबट वास मारत होता. हे पॅनेल मिळालं तर मी परत वकील, नाही मिळालं तर सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरबद्दल भांडणारी बाई. इतका सरळ मामला होता.

दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि तिसऱ्या दिवशी आमच्या पनवेलच्याच एका ट्रस्टच्या हॉलमध्ये परीक्षा. परीक्षा अशी, की एक बाई खोटी पेशंट होऊन बाकावर बसणार. तुम्ही वीस मिनिटं तिच्याशी बोलायचं आणि मग पेशंटला सोडायचं की नाही ते ठरवणाऱ्या खोट्या मंडळापुढे तिची बाजू मांडायची. नियम एकच, पण कडक. पेशंटच्या भल्याचं काय ते डॉक्टर बघतील, वकिलानं पेशंटला काय हवंय तेवढंच बोलायचं.

अडचण एकच होती. नवरा धनेश न्हावा शेव्याला ड्युटीवर, त्यामुळे मिहूला सांभाळायला सासूबाईंना बरोबर आणावं लागलं. त्यात त्याच संध्याकाळी गव्हाणला त्यांच्या भावाच्या, बळीराममामांच्या मुलाची हळद. आम्हा आगऱ्यांत लग्न चुकलं तर चालतं, हळद चुकली तर तीन पिढ्या बोलणी खातात. पण हळदीत डीजे असतो आणि मिहूचे कान नाजूक. मी आठवडाभर आधीच जाहीर केलं होतं की आपण कुणीच जायचं नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. म्हणजे त्यांना पटलं.

कॉरिडॉरच्या टोकाच्या बाकावर त्यांना बसवलं. मिहू मांडीवर, बाजूला उकळून गार केलेलं पाणी, आणि हातात सूचनांचा कागद.

"आई, इथून हलायचं नाही. मी दर दहा मिनिटांनी फोन करते."

"कर बाय," त्या म्हणाल्या.

उमेदवारांत पहिला नंबर विश्वजीतचा होता. नवाकोरा कोट, केसांना जेल, आणि चालणं असं की कोर्टच याच्या आजोबांनी बांधलंय. माझा नंबर दुसरा. आयोजकांनी त्याला सांगितलं, "पेशंट कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर आहे." तो गेला आणि वीस मिनिटांनी डोळे पुसत आला. मला धडकीच भरली. त्या वीस मिनिटांत सासूबाईही माझा फोन सारखा कापत होत्या.

मंडळात तिघं होते. निवृत्त न्यायाधीश, मनोविकारांचे एक डॉक्टर, आणि शशिकलाताई. या ताईंना तरुणपणी घरच्यांनी मर्जीविरुद्ध अठरा दिवस अशाच दवाखान्यात ठेवलं होतं. त्यांनी प्रशिक्षणात पहिल्याच तासाला सांगितलं होतं, "अठरा दिवसांत मला सगळ्यांनी समजावलं. विचारलं कुणीच नाही."

विश्वजीत उभा राहिला. "सर, माझ्या अशील एक साध्याभोळ्या गृहिणी आहेत. त्यांच्यावर घरात कॅमेऱ्यातून चोवीस तास पाळत असते."

अरेरे, मी मनात म्हटलं आणि वहीत लिहून घेतलं. पेशंट तीच, मुद्दे मलाही उपयोगी पडणार होते.

"दर दहा मिनिटांनी फोन करून चौकशी होते. बीपीची गोळी मोजून हातावर ठेवली जाते आणि गिळली का ते तोंड उघडायला लावून पाहिलं जातं. हे सगळं करते त्यांची सून."

कसली कैदाशीण असेल, मी लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.

"आज त्यांच्या सख्ख्या भाच्याची हळद आहे, सर, गव्हाणला. तिथं जायलाही बंदी आहे. कारण काय, तर आवाज होतो."

माझं पेन वहीवरच थांबलं. गव्हाणला आज हळदी तरी किती असणार?

विश्वजीत भरात आला होता. "आणि शेवटचं. अशिलाचं तान्हं बाळ त्यांच्याजवळ आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला शक्यतो आईपासून तोडू नये, असं कायदा सांगतो."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "अशिलाचं वय?"

"अठ्ठावन्न, सर."

"आणि बाळाचं?"

"अकरा महिने."

"बाळ त्यांचंच आहे असं त्या म्हणाल्या?"

विश्वजीतच्या जेलमधून घाम उतरला. "ते... विचारायचं राहिलं, सर."

अशिलाला बोलावण्यात आलं. सासूबाई मिहूला कडेवर घेऊन अशा आल्या की जणू सत्काराला निघाल्यात. मिहूनं हॉलभर नजर फिरवली, तिसऱ्या रांगेत मला पकडलं आणि दोन्ही हात पसरून ओरडली, "मम्मा!"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी वही मिटली, पण बाजूच्या उमेदवारानं "कैदाशीण" वाचलेलं होतं.

तेवढ्यात आयोजक धावत आले. खरी खोटी पेशंट कळंबोलीला कंटेनरच्या रांगेत अडकली होती. आणखी तासभर तरी येत नव्हती. मला वाटलं, परीक्षा रद्द, अब्रू वाचली. पण शशिकलाताई म्हणाल्या, "दुसरी पेशंट कशाला? या आहेत की. पुढचा नंबर कुणाचा?"

माझा होता.

"मॅडम, या माझ्या सासूबाई आहेत. हा हितसंबंधांचा संघर्ष होतो."

"तो घरोघरी होतो," न्यायाधीश म्हणाले. "परीक्षाच आहे, खरा खटला नाही. वीस मिनिटं."

आम्ही बाकावर बसलो. मी घसा साफ केला. "आई, तुम्ही त्याला हे सगळं सांगितलंत?"

"त्यानं इचारलं. एवरा चांगला पोर, मना वाटला बँकेचा मानूस हाय."

"बरं. मग आता मी विचारते. तुम्हाला काय हवंय?"

"इचारतेस का सांगतेस?"

"विचारतेय."

त्यांनी मिहूला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. सहा वर्षांच्या संसारात हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होते, हे दोघींच्या एकदमच लक्षात आलं.

"मना हलदीला जावाचा हाय. नातीला घेवून. माज्या भावाला दाखवाची हाय."

"पण आई, तो डीजे..."

"तू आता वकील हायस का सून?"

"वकील," मी कसंबसं म्हटलं.

"मंग लिव."

मी लिहिलं. "आणि कॅमेरा?"

"त्याचा मना तरास नाय. दुपारी झोपताना मी त्याच्यावर पदर टाकते."

रोज दुपारी दीडला कॅमेऱ्यात काळोख होतो म्हणून मी कॅमेरेवाल्याला दोनदा घरी बोलावलं होतं.

मंडळापुढे मी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःविरुद्ध सात मिनिटं बोलले. डॉक्टरांनी मला नेमकं पकडलं. "पण सुनेची काळजी चुकीची आहे का?"

तोंडाशी आलं होतं, अजिबात नाही, तिचं काय चुकलं, बिचारी एकटी किती बघणार! समोर सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी नुसती भुवई उचलली.

"काळजी चुकीची नाही, सर," मी म्हटलं. "पण माझ्या अशिलाला कुणी विचारलं नाही. त्यांनी चार मुलं वाढवलीत. त्यांना हळदीला जायचंय, नातीला घेऊन, आणि आज जायचंय."

मंडळानं अशिलाची तत्काळ सुटका केली. सोबत बाळ, बाळाच्या कानात कापूस. सासूबाईंनी तिघांनाही हळदीचं आवतण दिलं, विश्वजीतला दोनदा.

गव्हाणला मांडवात शिरताना मी मिहूच्या टोपीवर आणखी एक टोपी चढवली. कार्टी त्या ढणढणाटात बळीराममामांच्या खांद्यावर दोन तास गाढ झोपली. जनरेटर बंद पडून शांतता झाली, तेव्हा दचकून रडायला लागली. मला निघायला आयतं निमित्त मिळालं, पण घेऊन पळणार कशी? सासूबाई नाचत होत्या आणि मला मध्ये ओढलेलं होतं.

आठ दिवसांनी निकाल आला. मी पॅनेलवर आहे. विश्वजीतला पुन्हा परीक्षेला बसायला सांगितलंय. माझ्या कागदावर न्यायाधीशांनी स्वतःच्या हातानं शेरा लिहिलाय: "अशिलाची बाजू उत्तम मांडली. मात्र या प्रकरणात सुनेची बाजू कोणीच मांडली नाही."

मी सुनेला विचारून पाहिलं. तिला काही म्हणायचं नाहीये.