उजव्या छातीवरची पदकं

दुपारी एक वाजता बनियनवर युद्धातली पदकं लावून ताट वाढणारा माणूस अख्ख्या सेनगावात एकच, आमचे शेजारी उत्तमकाका.

पदकं त्यांची नाहीत, वडिलांची. वडील इंग्रजांच्या फौजेत सिग्नल पलटणीत सुभेदार होते. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या रानात टेलिफोनच्या तारा ओढत हिंडले. काका ही कथा कुणालाही ऐकवतात, गॅसवाल्यालासुद्धा. "दुश्मनानं तार दोनदा तोडली, अन् जिराफानं रोज! मान वर करून यायचा, तार मानेत घेऊन चालू लागायचा. बाप पुन्हा खांबावर! बराबर हाये का न्हाई?" गॅसवाला बिचारा पावती धरून उभा.

काका एसटीच्या चौकशी खिडकीवरून रिटायर झाले. जायचं होतं फौजेत, पण तळपाय सपाट निघाले. झेंडावंदनाला मात्र पदकं लावून हजर, तीही उजवीकडं. एकदा मी शिकवते त्या शाळेच्या हेडमास्तरांनी ती प्रेमानं डावीकडं लावायला हात घातला, तर काका असे उखडले! "डावीकडं सोताची, उजवीकडं बापाची! माझी डावी बाजू कोरी हाये, कोरीच राहू द्या. बराबर हाये का न्हाई?" नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

पण रोजच्या रोज, अन् बनियनवर? अगं बाई, मला वाटलं, काका गेले कामातून.

त्यात घरात आधीच तकलीफ. कमलकाकूंना वर्षभरापासून माणसं ओळखू येत नाहीत. नवऱ्यालाच "तुमी कोण?" म्हणतात आणि परक्याचं ताट म्हणून सारून देतात. अन्न पोटात जाईना, दोनदा सलाईन लावावी लागली. काकांचा जीव नुसता टांगणीला.

परवा शाळेला सुट्टी होती, म्हणून दुपारी वरण घेऊन गेले. काका पदकं लावून ताट पुढं करत होते. काकूंनी पदकं पाहिली, लगबगीनं पदर डोक्यावर घेतला.

"मामंजी, तुमी काहून ताट आणलं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण काकूंना आता तेवढेच ओळखू येतात, तेही पदकांवरून. अन् सासऱ्यांचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

"जेव, सूनबाई," काका वडिलांसारखा आवाज जड करून म्हणाले.

काकू अख्खी भाकरी जेवल्या. मग हात धुता धुता हळूच म्हणाल्या, "मामंजी, ह्येंला टाकून बोलत जाऊ नका. फौजेत घेतलं न्हाई, त्यात ह्येंचा काय कसूर? तोंडानं फटकळ हायेत, पर माझ्यावर लई जीव हाये. असा नवरा मिळाला, माझं नशीब."

इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी हे काकांना एकदाही बोलून दाखवलं नसणार. काकांनी रिकामं ताट उचललं.

काकूंनी दाराकडं पाहिलं. "कुठं राहिले ह्ये? उपाशी असतील."

काकांनी तोंड फिरवलं.

"येऊन राहिला, सूनबाई. येऊन राहिला."