ताटावरचे डॉक्टर

आमच्या गल्लीत डॉक्टर व्हायला वर्षं घालवावी लागत नाहीत, एक जेवण पुरतं. चंद्रकलाकाकूंच्या मेसमध्ये नवं पोरगं पहिल्यांदा पानावर बसलं की काकू पदर खोचून समोर उभ्या राहतात. शेवटचा घास गिळायच्या आत निकाल लागतो. "हा भुलीचा." झालं. दुसऱ्या दिवशी भांड्यांच्या दुकानातून त्याच्या नावाचं स्टीलचं ताट येतं. काठावर मशीननं कोरलेलं असतं, 'डॉ. अमुक तमुक, भुलीचे'. पोरगं अजून अकरावीत असतं.

लातूरला अशी पोरं चाकूर, देगलूर, मुदखेड, कुठून कुठून 'नीट'च्या क्लाससाठी येतात. माझं झेरॉक्सचं दुकान मेसच्या समोरच आहे. पोरं नोट्स व्हॉट्सॲपवर पाठवतात, त्यामुळं गल्लीतल्या प्रत्येक भावी डॉक्टरचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये असतो. बायको नांदेडला नोकरीला, म्हणून मीही काकूंकडेच जेवतो.

काकू मूळच्या शिरूर अनंतपाळच्या, सातवी शिकलेल्या. पण "डॉक्टर मार्कावरून न्हाई, जेवण्यावरून कळतंय" हे त्यांचं मत कुणाच्या बापाला हलवता येणार नाही. वरणातली मोहरी वेचून काठाला लावणारा पोरगा 'काचेखाली बघणारा', म्हणजे रक्त-लघवी तपासणारा. पोळी उजेडाला धरून आरपार बघणारी मुलगी एक्स-रेची. "आधी तिला वाढा" म्हणणारी लेकरांची डॉक्टरीण. पानावर डुलक्या घेणारा अर्थातच भुलीचा.

"काकू, भुलीच्या डॉक्टरनं पेशंटला झोपवायचं असतं, स्वतः नाही," मी एकदा म्हणालो.

"ज्याला झोपंची कदर हाय त्योच दुसऱ्याला नीट झोपवणार."

"बरं, मग मी कोण?"

"तुमी पेशंट. समदेच डॉक्टर झाले तर ह्या लेकरांनी तपासायचं कुणाला?" असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात मिठाची चिमूट निम्मी केली. तेव्हापासून मी तिथे अळणीच जेवतो.

मेसचा एक नियम होता. मेडिकलला नंबर लागला की पोरानं यायचं, आपल्या ताटात शिरा खायचा आणि ताट घेऊन जायचं. ज्यांचा लागत नसे ती पोरं मात्र पेटी उचलून गुपचूप गावी जायची. त्यांची ताटं माळ्यावर. काकू सणासुदीला ती उतरवायच्या, घासायच्या, पुसायच्या आणि परत वर ठेवायच्या. "मोडीत तरी द्या, नाहीतर नावं घासून दुसऱ्यांना वापरा," असं मी सुचवलं, तर पुढे कितीतरी दिवस मला करपलेलीच भाकरी आली.

त्या ढिगात सगळ्यात वर दत्ताचं ताट असायचं. दत्ता मुदखेडचा. एका बुक्कीत कांदा असा फोडायचा की पाकळ्या सुट्या व्हायच्या. "कुठं सांधा हाय ते ह्याच्या हाताला कळतंय," काकू म्हणाल्या आणि ताटावर 'डॉ. दत्ता, हाडांचे' कोरून आलं. दत्तानं दोनदा परीक्षा दिली, नंबर काही लागला नाही. गेला तो गेलाच. पुढे तो लातुरातच आहे असं कानावर आलं, पण गल्लीत फिरकला नाही.

"कामून येत नसंल वो?" काकू मला विचारायच्या. "माझ्या वाढण्यात काही कमी पडलं का?"

अशातच काकू मोरीत घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, काढलं, फोटो पाहून हाड उत्तम जुळलं म्हणाले. पण बोटं काही वळेनात. भाकरी थापता येईना. बदली बाईच्या भाकरीला कंटाळून पोरं दुसऱ्या मेसला जायला लागली. काकू परातीपुढे हात मांडीवर घेऊन बसून राहायच्या. एरवी माझी एकही चूक न सोडणारी ही बाई मी अळणी भाजीत लोणचं कालवलं तरी बघेना, तेव्हा मी घाबरलो. त्यांना परत डॉक्टरांकडे नेलं.

"जोडायचं काम माझं," डॉक्टर म्हणाले. "चालवायचं काम फिजिओथेरपीचं. खाली जा."

"ह्यो कोणता डॉक्टर?" जिना उतरताना काकू म्हणाल्या. "आपल्या ताटावर तर कधी आला न्हाई."

खाली पांढऱ्या कोटातला एक तरुण एका आजोबांचा गुडघा वाकवत होता. तो वळला. दत्ता! काकूंना पाहिल्याबरोबर त्यानं मान खाली घातली.

"काकू, मी तुमच्या ताटावरचा डॉक्टर न्हाई झालो. हे शिकलो."

"मग आला का न्हाईस रे? हितंच तर हाईस!"

"कसा येणार? ताटावर लिवून ठिवलेलं तुमी. त्या ताटात कोणत्या तोंडानं जेवणार?"

काकूंनी तो आखडलेला हात पुढे केला. "धर. बघ काही होतंय का."

त्या दिवसापासून काकू रोज जायला लागल्या. दत्ता बोटं वाकवायचा आणि काकू त्याचा उद्धार करायच्या. आधी त्यानं रबरी चेंडू दाबायला दिला, मग म्हणाला, "आता पीठ मळा, काकू. रोज." हळूहळू मूठ वळली. मुठीबरोबर आवाजही परत आला. माझं लोणचं बंद झालं.

एक दिवस त्यांनी मला माळ्यावर चढवलं. सगळी ताटं पोत्यात घालून आम्ही भांड्यांच्या दुकानात गेलो.

"ह्याच्यावरचं 'डॉ.' घासून टाका. पुढचं भुलीचे, लेकरांचे, तेबी काढा."

"नावंही काढतो ना, कोरं दिसेल," दुकानदार म्हणाला. "नुसतं तेवढंच घासलं तर डाग राहतो."

"राहू द्या डाग. नावाला हात लावायचा न्हाई." मग दत्ताचं ताट वेगळं काढून म्हणाल्या, "ह्याचं 'हाडांचे' तसंच ठिवा. ते खरं झालंय."

रविवारी दत्ता जेवायला आला. काकूंनी स्वतः थापलेली भाकरी वाढली, एका बाजूनं जाड, एका बाजूनं फाटलेली. दत्तानं ताटाचा काठ वाचला, घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि बुक्कीत कांदा फोडला. तीन भाकऱ्या खाल्ल्या. मला फार बरं वाटलं.

तो गेल्यावर काकूंनी बाकीची ताटं माझ्यापुढे आणून ठेवली.

"भाऊ, तुमच्या मोबाइलात ह्या समद्यांचे नंबर असतील की?"

"आहेत."

"लावा मग एकेकाला. म्हणावं, काकूनं ताटावर नुसतं तुझं नाव ठिवलंय. जेवायला ये."