नाव न सांगितलेल्या घरचा फरा

रविवारी सकाळी रमा अजून उठली नव्हती, आणि तिने आणखी तासभर उठू नये अशी चारुदत्त मनोमन प्रार्थना करीत होता. तोच दारावर थाप पडली.

रायपूरच्या मराठी मंडळाच्या साप्ताहिक पत्रकात तो शनिवार-रविवारचे सदर लिहीत असे. कुठे जावे, काय खावे, काय वाचावे. या खेपेला 'कुठे जावे'मध्ये मंडळातले रविवार संध्याकाळचे त्याचेच भाषण होते आणि 'काय वाचावे'मध्ये ज्या कादंबरीवर ते व्हायचे, ती कादंबरी. 'काय खावे' तेवढे रिकामे राहिले. बुधवारी रमाने उरलेल्या भाताच्या वळकट्या वाफवून फरा केला होता. तिळाची फोडणी, सोबत पतालची, म्हणजे टोमॅटोची, चटणी. चारुदत्ताने लिहिले, 'तात्यापाऱ्यातल्या एका घरी खाल्लेल्या फऱ्याला तोड नाही. घराचे नाव सांगत नाही, जाणकारांनी शोधावे.' आपल्या बायकोची जाहिरात करणे सभ्यपणाचे नव्हे, असे त्याला वाटले. शिवाय रविवारी रमा गॅस पेटवीत नसे. तो त्या घरचा कायदा होता आणि मोठ्या लढाईनंतर मंजूर झालेला होता.

दारात रेल्वेतून निवृत्त झालेले हिरालालजी उभे होते. हातात रिकामा डबा.

"चारुभाऊ, चला. ते फऱ्याचं घर दाखवा."

"जाणकारांनी शोधावं, असं लिहिलं होतं मी," चारुदत्त कुजबुजला.

"म्हणून तर आलो. लिहिणाऱ्यापेक्षा जाणकार कोण?" हिरालालजींचा आवाज प्लॅटफॉर्मवर घडलेला होता. "वहिनीच्याच हातचा तर नाही ना?"

हो म्हणावे, तर रमाचा रविवार बुडाला. आतल्या खोलीत पलंग करकरल्यासारखा वाटला.

"छे, छे. तिच्या हातचा कसा असेल?" असे म्हणून त्याने चपला पायांत अडकवल्या आणि दार हळूच ओढून घेतले.

गल्लीच्या तोंडाशी सिलतऱ्याच्या कारखान्यातला लोकेश मोटारसायकलवर पेंगत बसला होता. "काका, रातपाळी करून सरळ आलो. झोपलो असतो तं फरा संपला असता." त्याच्या मागे कॉलेजात शिकणारी पायल मोबाइल उगारून उभी. "अंकल, रील बनानी है. घर कौन-सा है?"

चारुदत्ताला घर दाखवणे भाग होते, म्हणून त्याने समोरचे एक अनोळखी दार दाखवले. बनियनमधल्या वृद्धाने ते उघडले, सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "डॉक्टरनं आमच्या घरी तांदूळच बंद केला आहे. तुम्हाला मिळाला तर मलेही सांगा."

मग चारुदत्त सदर बाजाराकडे वळला. दुचाक्यांच्या गर्दीत ही माणसे मागे पडतील, अशी त्याला आशा होती. लोकेशने गाडी भिंतीला लावली आणि त्याचा दंड धरला. "काका, सांभाळून. तुम्ही हरवले तर आमचा फरा गेला." वाटेत पत्रकाचे आणखी वाचक भेटले, तेही डबे आणायला पोरे पिटाळून मागे चालू लागले. कापडाच्या दुकानांपर्यंत येता येता हिरालालजी थांबले.

"चारुभाऊ, खरं सांगा. तुम्ही तो फरा खाल्ला तरी आहे का?"

सगळे थांबले. त्याच क्षणी चारुदत्ताचा फोन वाजला. रमा.

"पत्रक वाचलं," ती म्हणाली. "एका घरी फरा खाल्ला म्हणे तुम्ही. कोणाच्या?"

मागची माणसे दोन पावले जवळ सरकली.

"तुझ्याच," तो म्हणाला.

"मग नाव काहून नाही लिहिलं?" रमाने विचारले. मागचा डब्यांचा खडखडाट तिला फोनमधून ऐकू जात होता. "आणा सगळ्यांना घरी," रमा म्हणाली, आणि तिच्या आवाजातला गोडवा ऐकून त्याला जास्तच भीती वाटली.

घरी ओट्यावर रात्रीचा भात, तांदळाचे पीठ आणि चाळणी मांडून ठेवलेली होती. रमा खुर्चीत बसली होती.

"रविवार आहे. मी गॅसले हात लावत नाही," ती म्हणाली. "आणि माझ्या हातचा कसा असेल, हे मी आतून ऐकलंच. तेव्हा तुमच्याच हातचा होऊ द्या."

चारुदत्ताने भात मळला. पहिल्या वळकट्या तुटल्या, दुसऱ्या चाळणीला चिकटल्या. हिरालालजींनी बाह्या सारून मदत केली, पायलने सगळ्याचे रील काढले, आणि लोकेश रिकामी बशी मांडीवर घेऊन झोपी गेला. अखेर फोडणीचा वास सुटला. डबे पुढे सरकू लागले, कोणी नावे ठेवली नाहीत, आणि चारुदत्ताने सकाळपासूनचा पहिला मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात रमा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात तीच कादंबरी.

"शेवट वाचून डोळे भरून येतात, असं लिहिलं तुम्ही," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मी काल संपवली. शेवटी लग्न लागते आणि बँडवाले नवरदेवाच्या आधी जेवायला बसतात. तुमची खूण तं अजून दुसऱ्याच प्रकरणात आहे."

"काय झालं, वहिनी?" बाहेरून हिरालालजींनी विचारले.

"काही नाही भाऊ. पुस्तकाचं बोलून राहिलो. संध्याकाळी यांचं भाषण आहे ना, मी पहिल्याच रांगेत बसतो म्हटलं."

चारुदत्ताने हात पुन्हा पिठात घातले. वर न पाहताच त्याने विचारले,

"पुढच्या रविवारी काय खाशील?"