तीन हाका

आमच्या खुटबावात रोज सकाळी सात वाजता संपत माझ्या दाराशी स्कूटी थांबवतो आणि विचारतो, “गुरुजी, हाय का?”

मी म्हणतो, “आहे.”

तो जातो. बसणं नाही, ख्यालीखुशाली नाही. एकट्या राहणाऱ्या अकरा म्हाताऱ्यांची यादी त्याच्याकडे आहे, त्यात मी चौथा. माझ्यानंतर शेजारच्या सोनाकाकू. त्या रोज “अजून मेले न्हाई, जा,” असं उत्तर देतात. तेही त्याला चालतं. मी आयुष्यभर शाळेत हजेरी घेतली, आता माझी घेतली जाते. स्कूटीवर एक पहार कायम बांधलेली असते. कशाला, विचारलं तर म्हणतो, “लागंल कवातरी.”

संपत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वय बेचाळीस, लग्न नाही. पंधरा वर्षं पुण्यात काढली, आता परदेशी कंपनीचं क्लाउड नेटवर्किंगचं काम रिकाम्या गोठ्यावरच्या खोलीतून करतो. ग्रामपंचायतीने त्याचा सत्कार ठेवला, तेव्हा तो नेमकं करतो काय, हे सरपंचांनी माइकवरच विचारलं.

“लोक मोबाइलवर जे मागत्यात, ते थेट मशीनकडं जात न्हाई. मधी आमची प्रॉक्सी उभी ऱ्हाती. कंचं मशीन जित्तं हाय बघती, आन् तिकडं धाडती.”

“म्हंजी दलाली.”

“व्हय. पन सगळा कोड जगाला फुकट दिलाय. ओपन सोर्स.”

फुकट म्हटल्यावर सरपंचांनी त्याला शाल जरा घाईतच पांघरवली. नारळ टेबलावरच राहिला.

मशीन जिवंत आहे हे कळण्यासाठी त्याला सारखं विचारत राहायचं असतं. “एक हाक चुकली तर चुकू द्या. दुसरी चुकली तर कान टवकारा. तिसरी चुकली, मशीन पडलं म्हनायचं.” हा नियम तो माणसांनाही लावतो. वरवंडच्या गवंड्याने तीनदा फोन उचलला नाही म्हणून त्याचा नंबर पुसून टाकला. गवंडी त्या वेळी स्वतःच्या लग्नाच्या मांडवात होता.

कोणाचीही शिस्त दिसली की तिची खोडी काढायची मला वाईट सवय आहे. परवा संपतने हाक मारली, मी आत पेपर वाचत गप्प बसलो. दुसरी हाक. गप्प. तिसरी हाक विरते न विरते तोच कडी उचकटली आणि पहार घेऊन संपत आत आला.

“पेपर वाचतोय,” मी म्हणालो. “कडी तूच बसवून दे.”

तो हसला नाही. पहार ठेवून जमिनीवरच बसला.

“गुरुजी, आई गेली त्या दिशी पुण्यात माज्या स्क्रीनवर चारशे मशिनी हिरव्या व्हत्या. एक बी पडलं नव्हतं. आन् हितं आई सकाळधरनं गोठ्यात पडली व्हती. सांजच्याला दूधवाला आला तवा कळलं. दिसभर कुनी हाक मारली न्हाई. मी बी न्हाई.”

संध्याकाळी त्याने नवी कडी बसवली.

दुसऱ्या दिवशी सातला मी दारातच उभा होतो. “आहे,” आधीच सांगून टाकलं. तो स्कूटी वळवू लागला तेव्हा विचारलं, “संपत, तू आहेस का?”

त्याने स्कूटी वळवली.

“आहेस का रे?”

तो किल्ली फिरवत राहिला. तिसरी हाक मी मारली नाही. तिच्यानंतर पहार उचलावी लागते, आणि ती मला झेपत नाही. मी आत जाऊन दोन कप चहा टाकला. थोड्या वेळाने तो आला आणि पाटावर बसला.

पहिला घोट घेतो तोच सोनाकाकू धापा टाकत दाराशी आल्या.

“गुरुजी, आज संपत आला न्हाई. मगाधरनं वाट बघतीया. हाय ना त्यो?”

संपतने कप खाली ठेवला.

“हाय, काकू,” तो म्हणाला.